साम्य सांगा, फरक सांगा, मग काय?

...आणि निबंध कोणाचा? तिचा! शाळा तिची, वही तिची, मार्क पडणार ते तिला, आणि डोकं कोणाचं पिकणार? माझं! तुम्हाला सांगतो, घाटातलं वळण, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दरड, समोरून रेतीचा ट्रक असा अंगावर येतोय, मागे बसलेल्या बायका देवाचा धावा करताहेत, आणि ही माझी भाची, आकिमा, पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन मला शांतपणे विचारते, "मामा, बकरीत आणि मेंढीत साम्य काय रे?" आता ही काय वेळ झाली? मी ओरडलो, "दोघी रस्त्यात आडव्या येतात!" तर लिहून घेतलं हो तिने! वर म्हणते, "छान. आता फरक सांग."

म्हणजे बघा, माझी बस सकाळी गावातून बेटाच्या राजधानीला, सेंट जॉर्जेसला जाते, तिची शाळा वाटेत, म्हणून ती रोज माझ्या शेजारी. एरवी पोरगी गुणाची. बोलायला लागली की थांबत नाही, पण ते आमच्या रक्तातच आहे, त्याला ती काय करणार. भानगड सुरू झाली ती शाळेत इंग्रजीला नव्या बाई आल्या तेव्हा. मिसेस बेलफॉन. एवढीशी मूर्ती, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज इतका बारीक, की ऐकू यावं म्हणून अख्खा वर्ग गप्प बसतो. त्या म्हणाल्या, "मुलांनो, तुलनेचा निबंध. कुठल्याही दोन गोष्टी घ्या. साम्य सांगा, फरक सांगा." बस्स! पोरं खूश. यात काय अवघड? आकिमाने बकरी आणि मेंढी घेतली. एक पान बकरी, एक पान मेंढी, तिसऱ्या पानावर दोघी एकत्र. शेपटी वर कोणाची, खाली कोणाची, सगळं. वही परत आली, तर खाली लाल शाईत काय? "सगळं खरं आहे. मग काय?"

मग काय?! मग काय म्हणजे काय? अहो, साम्य मागितलं, साम्य दिलं. फरक मागितला, फरक दिला. आता 'मग काय' हे कुठून आलं? माझी धाकटी बहीण नेस्टा, म्हणजे आकिमाची आई, जायफळं निवडून दमून घरी आलेली, तिने उभ्या उभ्या वही वाचली आणि म्हणाली, "मेंढीचं मटण चिवट असतं ते लिहिलंस का?" "लिहिलं." "मग त्या बाईला अजून काय पाहिजे? रेसिपी?"

आकिमा रडणारी नाही. तिने पान फाडलं, दुसरं घेतलं. दुसऱ्या निबंधाला, तुम्हाला सांगतो, विषयच असा निवडला की माझी छाती फुगली. माझी बस आणि याच रस्त्यावरच्या ऑगस्टिनची बस! माझ्या काचेवर 'देवाची करणी' लिहिलंय, त्याच्या काचेवर 'अजून एक संधी'. यावेळी तिने पद्धत बदलली, म्हणाली, "मामा, आधी एक बस आणि मग दुसरी असं नाही लिहायचं. मुद्दा घ्यायचा आणि लगेच दोघांबद्दल लिहायचं. भोंगा, की दोघांचा भोंगा. सीट, की दोघांच्या सीटा. 'जरी अमुक, तरी तमुक'. 'याउलट'. 'त्याचप्रमाणे'." मी गाडी चालवता चालवता मदत केली हो! "लिही, माझा भोंगा सुरात आहे, याउलट ऑगस्टिनचा भोंगा म्हणजे गाय अडकल्यासारखा. लिही, माझ्या सीटा मऊ, याउलट त्याच्या सीटवरून माणूस उठला की त्याला तासभर चालता येत नाही." तिने सगळं लिहिलं. पण प्रामाणिक पडली ना! खाली लिहिलं, 'त्याचप्रमाणे, ब्रेक लावला की दोन्ही बसगाड्या सारख्याच किंचाळतात, आणि आतली माणसंही.' ही घरची पोरगी!

मी वाट बघत होतो की बाई आता हात जोडतील. कसलं काय! वही परत. "वाचायला मजा आली. मग काय?"

आता ही गोष्ट बसमध्ये फुटली. आमच्या बसमध्ये गोष्ट फुटली म्हणजे बेटावर फुटली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "थोडं सरकून बसा, अजून एकजण येतोय," तर मागून एक म्हातारी म्हणते, "येतोय, मग काय?" मी म्हटलं, "आजी, भाडं राहिलं." "राहिलं, मग काय?" जिणं मुश्कील केलं हो! आणि इकडे पोरीला नाद लागलेला. सकाळी कोको चहा समोर आला की दोन कप शेजारी ठेवून बघत बसायची. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन संपलं, सगळे 'आमेन' म्हणताहेत, आणि ही मोठ्याने, "गेल्या रविवारी नरक गरम होता, आज अंधारा आहे. जरी दोन्ही वाईट, तरी..." नेस्टाने तिथल्या तिथे चिमटा काढला.

तिसरा निबंध नाताळ आणि कार्निव्हल. तोही परत. तेच दोन शब्द.

त्या दिवशी मात्र आकिमा बसमध्ये बसली आणि बोललीच नाही. तुम्हाला सांगतो, त्या पोरीचं गप्प बसणं म्हणजे इंजिन बंद पडल्यासारखं वाटतं, माणूस कान देऊन बसतो. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामा, मिसनी बोलावलं होतं. म्हणाल्या, अजून एक संधी." मी म्हटलं, "ऑगस्टिनच्या बसमध्ये?" नाही हसली. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे. चौथा निबंधही असाच झाला, तर तिला वरच्या तुकडीतून खाली पाठवणार होते. आणि खालच्या तुकडीतल्या पोरांना त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेला बसवत नाहीत. आमच्या घरात आजवर कोणी त्या परीक्षेपर्यंत पोचलेलं नाही. ही पोचणारी पहिली.

"बाई म्हणाल्या तरी काय?" मी विचारलं.

तर तिने बाईंचा आवाज काढला, अगदी तस्सा, बारीक. "आकिमा, तू दोन गोष्टी शेजारी ठेवतेस. छान ठेवतेस. पण शेजारी ठेवल्यावर असं काय दिसलं, जे त्या वेगवेगळ्या असताना दिसत नव्हतं? ते दिसत नसेल, तर शेजारी ठेवल्यास कशाला?" आणि मग स्वतःच्या आवाजात, "मामा, त्या बरोबर आहेत रे. बकरी आणि मेंढी शेजारी ठेवून मला काहीच दिसलं नव्हतं. फक्त बकरी आणि मेंढी दिसली."

मी भोंगा वाजवला. समोर कोणी नव्हतं, पण अशा वेळी माणसाने करायचं काय?

आता इथे तुम्हाला माझ्या दोन थोरल्या बहिणींबद्दल सांगितलं पाहिजे. आयोनी सगळ्यांत मोठी, ती राहते डोंगरावर. व्हर्लिन तिच्या पाठची, राहते खाली, समुद्राकडे. मध्ये नेस्टाचं घर, त्याला लागून माझं. आणि आयोनी व्हर्लिनशी बोलत नाही, व्हर्लिन आयोनीशी बोलत नाही. का? तर झाकणावरून! हसू नका. आकिमा रांगत होती तेव्हाची गोष्ट. अख्खं घराणं किनाऱ्यावर जमलेलं, व्हर्लिनने ऑइल डाउनची हंडी लावलेली. नीरफणसाच्या फोडी, अळूची पानं, खारवलेलं मांस, हळद, वर नारळाचं दूध, आणि झाकण घट्ट. दूध पूर्ण आटून तेल खाली उतरेपर्यंत त्या झाकणाला हात लावायचा नसतो, आणि दुसऱ्याच्या हंडीच्या झाकणाला तर बापजन्मी नाही. आयोनीने उचललं! म्हणे, "बघते, लागतंय की काय." व्हर्लिन म्हणाली, "माझी हंडी लागत नाही." आयोनीने वास घेतला आणि म्हणाली, "आईने तुला शिकवलं तेव्हा तू झोपली होतीस का?" संपलं! त्या दिवसापासून चर्चमध्ये दोघी दोन टोकांना, लग्नकार्यात दोन मांडवांत असल्यासारख्या, आणि निरोप द्यायचा तर माझ्यामार्फत. "कल्बर्ट, तिला सांग, तिची कोंबडी रस्त्यावर आलीय." "कल्बर्ट, तिला सांग, रस्ता सरकारचा आहे." मी बस चालवतो की टपाल, माझं मलाच कळेनासं झालं होतं.

या भांडणातून एकटी सुटली ती आकिमा. दोन्ही मावश्यांचा तिच्यावर जीव. शनिवारी ती व्हर्लिनकडे जेवते, रविवारी चर्चमधून आयोनीकडे. आणि दोन्हीकडे ऑइल डाउन! व्हर्लिन वाढता वाढता विचारणार, "काय गं, वर काय घालतात? मासा? खारा मासा?" आयोनी विचारणार, "खाली अजून पिठाचे गोळे तसेच राहतात का गं, दगडासारखे?" आणि पोरगी इतकी हुशार, तोंडात घास भरून "उम्म" एवढंच म्हणायची. इतकी वर्षं दोन्ही घरचं जेवली, पण एका घरचा शब्द दुसऱ्या घरी नेला नाही. सबंध बेटावर या दोन्ही हंड्यांतलं खाणारी ती एकटीच!

कळलं ना तुम्हाला, चौथा निबंध कशावर?

मला कळलं तेव्हा मी म्हटलं, पोरी, बकरीच बरी होती! नेस्टा तर कपाळाला हात लावून बसली. "अगं, एकीचं चांगलं लिहिशील तर दुसरी दार लावून घेईल! दोघींचं वाईट लिहिशील तर दोन्ही दारं बंद!" आकिमा म्हणाली, "माहीत आहे." म्हणजे माहीत होतं, आणि घाबरलीही होती. त्या शनिवारी व्हर्लिनकडे जाताना दप्तर असं छातीशी धरलं होतं, जसं आत चोरीचा माल आहे. पण नंतर मला म्हणाली, "मामा, खाणं वेगळं आणि बघणं वेगळं. मी आजवर नुसती खात होते." शनिवारी बघितलं, रविवारी बघितलं, निबंध लिहिला, बाईंना दिला, आणि आम्हाला एक अक्षर दाखवलं नाही. बाईंनीही वही परत केली नाही. निरोप आला तो एवढाच, की पालकांच्या दिवशी निवडलेले निबंध मुलं स्वतः वाचून दाखवणार, आणि त्यात आकिमाचा आहे.

नेस्टा म्हणाली, "मावश्यांना सांगायचं नाही." कोणाला नाही सांगायचं? ज्यांनी पोरीच्या पहिल्या दाताचा समारंभ केला त्यांना? दोघी हजर! आयोनी जांभळी टोपी घालून पहिल्या रांगेत या टोकाला, व्हर्लिन पिवळी टोपी घालून त्या टोकाला, आणि मधल्या खुर्चीवर मी. आकिमा पुढे आली. गणवेश कडक इस्त्रीचा, हातात कागद. तिने दोन्ही टोप्यांकडे बघितलं आणि वाचायला लागली. "माझ्या दोन मावश्यांच्या दोन हंड्या."

सभागृहात गावची माणसं होती ना, एकदम 'अरे देवा' झालं.

पहिल्यांदा फरक. "व्हर्लिनमावशी नीरफणसाच्या फोडी मोठ्या ठेवते, याउलट आयोनीमावशी बारीक करते. एकीची हंडी हळदीने सोन्यासारखी होते, दुसरीची अळूने हिरवी." पिवळी टोपी माझ्याकडे वाकली. "कल्बर्ट, तिला सांग, सोन्यासारखी म्हणाली." जांभळी टोपी वाकली. "तिला सांग, पिवळं आजारपणातही होतं." "आयोनीमावशीची हंडी इतकी तिखट, की जेवताना कोणी बोलत नाही. व्हर्लिनमावशीच्या हंडीत मिरची नावालाही नाही, कारण तिला मिरचीने उचकी लागते, ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही." लोक हसताहेत, दोघी फुगताहेत, आणि मी मधे घामाघूम, मनात म्हणतोय, पोरी, इथेच थांब, छान झालंय, सगळं खरं आहे, बस कर!

पण ती कुठली थांबते. श्वास घेतला, आणि आवाज जरा खाली आला.

"आता साम्य. दोघींकडे जेवण झाल्यावर एक ताट झाकलेलं असतं. आयोनीमावशी म्हणते, कोणी आलंगेलं तर असू दे. पण ते ताट ती हंडीत शिजलेली अख्खी मिरची फोडायच्या आधीच काढते. डोंगरावर तिच्याकडे येणारं प्रत्येक माणूस तिखट खातं. मिरची न खाणारं आमच्या घरात एकच माणूस आहे. व्हर्लिनमावशी हंडीची खरवड काढते आणि म्हणते, कुत्र्यासाठी आहे. तिच्या घरात खरवड कोणी खात नाही, काकांना दात नाहीत. पण त्या ताटावर ती भरतकामाचा रुमाल घालते. कुत्र्याच्या ताटावर कोणी भरतकामाचा रुमाल घालतं का? खरवडीसाठी लहानपणी भांडणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, असं आई सांगते. सोमवारी एक ताट कोंबड्यांना जातं, एक कुत्र्याला. एकेक हंडी बघितली, तर ही उरलेली ताटं आहेत. दोन्ही शेजारी ठेवली, तर ही दोन आमंत्रणं आहेत."

तुम्हाला सांगतो... नाही, काय सांगणार. मीही त्याच घरात वाढलो. मलाही माहीत होतं उचकी कोणाला लागते आणि खरवड कोणाला लागते. पण मी डोंगरावर गेलो की डोंगरावरचं बघितलं, खाली गेलो की खालचं. दोन्ही शेजारी कोणी ठेवलं? त्या पोरीने! जांभळी टोपी खाली. पिवळी टोपी खाली. आकिमा कागद धरून उभी, ओठ दाताखाली, आणि तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं, की आता परीक्षा गेली खड्ड्यात, माझी दोन घरं राहिली की गेली?

आणि आयोनी उठली. सगळी उठली. टोपीसकट. माझ्या डोक्यावरून हात लांब करून म्हणाली, "व्हर्लिन! माझी खरवड... कुत्र्याला?!"

इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, तर हे!

व्हर्लिन पण उठली. "तू आली असतीस तर तुला घातली असती! रुमालावरचं भरतकाम काय मी कुत्र्यासाठी केलं? आणि तू गं? बिनमिरचीचं ताट कोंबड्यांना घालतेस? निदान हाक तरी मारायचीस!"

"डोंगरावरून हाक मारू? तुला ऐकू येतं का? लहानपणापासून एका कानाने बहिरी!"

"बहिरी कोणामुळे? तूच शिट्टी फुंकलीस माझ्या कानात!"

आणि दोघी रडताहेत, आणि भांडताहेत, आणि माझ्या अंगावरून एकमेकींना मिठी मारताहेत, आणि मी खाली चेंगरतोय, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतंय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते, खरं सांगतो, व्हर्लिनच्या टोपीची कड डोळ्यात गेली म्हणून. आकिमा धावत खाली आली आणि त्या ढिगाऱ्यात घुसली. नेस्टा मागच्या रांगेतून ओरडत होती, "इस्त्री! गणवेशाची इस्त्री!"

मिसेस बेलफॉन कोपऱ्यात उभ्या होत्या. चष्मा काढून पुसत होत्या, घालत होत्या, परत पुसत होत्या. मी कसाबसा सुटून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "बाई, आता विचारा की, मग काय?" त्या हसल्या आणि वही माझ्या हातात दिली. खाली लाल शाईत ते दोन शब्द नव्हते. नुसते मार्क. वीसपैकी सतरा! पोरगी वरच्या तुकडीत पक्की, परीक्षेला बसणार. आमच्या घरातली पहिली! पण म्हटलं, "बाई, तीन मार्क कुठे गेले?" त्या त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "वाक्यं फार लांब आहेत, साहेब. मध्ये पूर्णविराम द्यायला हवा." मी म्हटलं, "बाई, आमच्या घरात तुम्ही एकदा जेवायला या आणि कुठे पूर्णविराम सापडतो का बघा!"

तर आता दोघी रविवारी एकत्र रांधतात, झाकण कोणी उचलायचं यावर एकमेकींच्या थेट तोंडावर भांडतात, माझ्यामार्फत नाही. मला वाटलं, सुटलो. आता बस शांतपणे चालवीन. पण बाईंनी वर्गाला नवीन निबंध दिलाय. पटवून देण्याचा! एक मत घ्यायचं, भरपूर पुरावे द्यायचे, आणि वाचणाऱ्याला शेवटी 'हो' म्हणायलाच लावायचं. आकिमाने विषय निवडलाय, 'माझ्या मामाने आता लग्न का करावं.' पुरावे गोळा करायला दोन्ही मावश्या आहेत, आयुष्यात पहिल्यांदाच एकमताने! आणि पोरगी लिहिते कशी ते तर तुम्ही ऐकलंतच... म्हणून म्हटलं, विरोध करून उपयोग नाही, एक शर्ट शिवायला टाकलाय.